परदेशी मदतीचा आलेख वरखाली का होतो? आकड्याआधी करारनामा वाचा

नागपुरात अर्थशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. लघुप्रबंधाचा विषय आहे, जर्मनीकडून भारताला मिळणारी विकास मदत १९९० पासून कशी बदलत गेली. ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेचे आकडे उतरवून एक्सेलमध्ये आलेख काढला, तर तो करवतीच्या दात्यांसारखा आला. मार्गदर्शकांचे म्हणणे, प्रत्येक चढउताराचे कारण लिहा. शिवाय तिची स्वतःची एक शंका आहे: आपली नागपूर मेट्रो जर्मन पैशावर झाली, म्हणजे आपण अजून मदत घेणारेच ना? मग भारत भूतानला हजारो कोटी देतो ते काय?

मार्गदर्शकांची माफी मागून सांगतो, आलेखाच्या प्रत्येक चढउताराचे कारण शोधू नका. बहुतेक चढउतारांमागे कोणतेच धोरण नसते. ते हिशेब ठेवण्याच्या पद्धतीतून येतात. दोन देशांमधली मदत बदलते तेव्हा आधी अटी बदलतात: अनुदान किती आणि कर्ज किती, व्याज काय, माल कोणाकडून घ्यायचा, पैसा कोणत्या खात्यातून जायचा. रक्कम त्यानंतर हलते, कधी पाच-सात वर्षांनी, कधी हलतही नाही. नुसती रक्कम आलेखावर मांडली की खरा बदल निसटतो आणि खोटा दिसतो.

आलेखाला करवतीसारखे दाते कसे पडतात ते मेट्रोवरूनच पाहू. पहिल्या टप्प्याचा खर्च ८,६८० कोटी रुपये. त्यासाठी केएफडब्ल्यू या जर्मन विकास बँकेशी ५० कोटी युरोचा करार एप्रिल २०१६ मध्ये झाला, आणि त्याच वर्षी फ्रान्सच्या एएफडी या विकास बँकेकडून १३ कोटी युरो ठरले. मंजुरीच्या आकड्यांत ही सगळी रक्कम एकाच वर्षात दिसते. प्रत्यक्षात पहिली गाडी मार्च २०१९ मध्ये धावली आणि टप्पा पूर्ण व्हायला डिसेंबर २०२२ उजाडला. पैशाची उचल कामाच्या वेगाने होते: कंत्राटदाराचे बिल, त्याची तपासणी, मागणीपत्र, मग दिल्लीत अर्थमंत्रालयाच्या अखत्यारीतले मदत, लेखा व लेखापरीक्षा नियंत्रकांचे कार्यालय, आणि तिथून पुढे बँक. जमीन ताब्यात यायला सहा महिने उशीर झाला की उचलही सहा महिने मागे जाते. मंजुरीच्या आलेखात मनोरा आणि त्यानंतर खड्डा, उचलीच्या आलेखात लांबट टेकाड. दोन्ही आकडे खरे आहेत, पण प्रश्न वेगवेगळे. देणाऱ्याचा इरादा तपासायचा असेल तर मंजुरी घ्या, आणि तिची तीन किंवा पाच वर्षांची सरासरी काढा. घेणाऱ्याच्या हातात काय पडले ते पाहायचे असेल तर उचल घ्या. एकाच आलेखात निम्मी वर्षे एका प्रकारची आणि निम्मी दुसऱ्या प्रकारची असा घोळ लघुप्रबंधांत सर्रास दिसतो, कारण जुन्या वर्षांचे तपशील विरळ असतात आणि माणूस मिळेल ते चिकटवतो.

या दोन आकड्यांमधले अंतर किती बोलके असते, ते १९९८ मध्ये दिसले. मे महिन्यातल्या पोखरण चाचण्यांनंतर जपानने भारताला नवी येन कर्जे देणे थांबवले. जर्मनीनेही नव्या मदतीची बोलणी रोखली. पण दिल्ली मेट्रोचे जपानी कर्ज फेब्रुवारी १९९७ मध्येच सहीशिक्क्याने पक्के झाले होते. काम १ ऑक्टोबर १९९८ ला सुरू झाले, म्हणजे निर्बंध लागू असतानाच, आणि पहिली गाडी डिसेंबर २००२ मध्ये सुटली. मंजुरीचा नळ बंद आणि उचलीचा चालू. जपानने निर्बंध ऑक्टोबर २००१ मध्ये उठवले. नुसत्या उचलीवरून बघणाऱ्याला या सगळ्या प्रकरणाचा पत्ताही लागत नाही, कारण तोपर्यंत जुन्या करारांचे पैसे येतच होते. म्हणून साधारण नियम असा धरा: राजकीय निर्णय मंजुरीत त्याच वर्षी उमटतो आणि उचलीत तीन ते पाच वर्षांनी.

याला अपवाद २०२५ चा. अमेरिकेने जानेवारीत आपली परदेशी मदत गोठवली, चालू कामांनाही थांबवण्याचे आदेश गेले, आणि १ जुलै २०२५ पासून यूएसएड ही यंत्रणाच परराष्ट्र खात्यात विरघळवली. इथे उचल मंजुरीइतक्याच वेगाने तुटली. अनुदानाच्या बाबतीत हे शक्य होते. कर्जाचा करार असा एकतर्फी तोडणे फार अवघड. म्हणजे गंमत बघा, अनुदान घेणाऱ्याला स्वस्त पडते, पण भरवशाच्या बाबतीत कर्जच वरचढ ठरते. ज्या आरोग्य कार्यक्रमांचे पगार दर महिन्याच्या अनुदानावर चालतात, त्यांना याची झळ पहिल्याच महिन्यात लागते.

आता आकडे स्वच्छ कसे करायचे ते. हा भाग रटाळ आहे, पण चुका इथेच होतात.

आधी एकक. ओईसीडीचे आकडे दशलक्ष डॉलरमध्ये, आपल्या अंदाजपत्रकाचे कोटी रुपयांत. दशलक्ष म्हणजे दहा लाख. घाईत दशलक्षाला कोटी समजले की दहापट फरक पडतो, आणि आलेखावर तो एखाद्या ‘धोरणात्मक झेपे’सारखा दिसतो.

दुसरे, वर्ष. ओईसीडीचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर, भारताचे एप्रिल ते मार्च, भूतानचे जुलै ते जून. भारतीय आकडे कॅलेंडर वर्षात बसवायचे तर २०१६ साठी २०१५-१६ चा पाव हिस्सा आणि २०१६-१७ चा पाऊण हिस्सा घ्या. ही तडजोडच आहे, पण वर्षे एकमेकांवर सरळ चिकटवण्यापेक्षा बरी. भूतानच्या आकड्यांना निम्मे-निम्मे.

तिसरे, चलन आणि महागाई. १९९५ मध्ये डॉलरला सरासरी ९४ येनच्या आसपास पडत, २०२४ मध्ये १५० च्या थोडे वर. जपानने दोन्ही वर्षी १०० अब्ज येनच दिले असे समजा. डॉलरच्या आलेखात पहिल्या वर्षी एक अब्जाच्या वर आणि दुसऱ्या वर्षी पाऊण अब्जाच्याही खाली दिसेल. टोकियोत कोणी काहीच कमी केलेले नाही. यासाठी ओईसीडी स्थिर किमतींची मालिका देते. तिच्यात देणाऱ्या देशाची महागाई आणि विनिमय दर दोन्ही वजा केलेले असतात, तेव्हा ती घेतली की तिला पुन्हा भारतीय महागाईने भागू नका. दुहेरी वजावटीची ही चूक हुशार मुलेच करतात.

चौथे, ढोबळ आणि निव्वळ. कर्ज आले की परतफेडही सुरू होते. जपान-चीन हे याचे चांगले उदाहरण. जपानची येन कर्जे चीनला १९७९ पासून मिळू लागली, नव्या कर्जाचा शेवटचा करार २००७ मध्ये झाला. पुढे तांत्रिक सहकार्य थोडेफार चालले, तेही जपानने २०१८ मध्ये जाहीर करून आटोपते घेतले. पण परतफेड चालूच राहिली, त्यामुळे निव्वळ आकडा शून्याच्या खाली गेला. म्हणजे ‘मदत’ चीनकडून जपानकडे वाहते आहे असे तक्ता सांगतो. ऋण आकडे दिसले की विद्यार्थी त्यांना चूक समजून पुसतात किंवा शून्य करतात. पुसू नका, त्या नात्याचे वय त्यांतच लिहिलेले आहे.

पाचवे, २०१८ चा सांधा. तोवर कर्जाची उचललेली पूर्ण रक्कम मदत म्हणून धरत आणि परतफेड वजा करत. २०१८ च्या आकड्यांपासून मुख्य आकडा ‘अनुदानतुल्य’ पद्धतीने मोजतात, म्हणजे कर्जातला फुकट भाग तेवढाच मदत. दोन्ही पद्धती एका रेषेत जोडल्या तर सांध्यावर खोटी पायरी पडते. रोख प्रवाहाची जुनी मालिका अजून मिळते. सलग तीस वर्षांसाठी तीच वापरा, आणि अनुदानतुल्य आकडे वेगळ्या तक्त्यात द्या.

हा फुकट भाग कसा काढतात हे हाताने एकदा करून पाहिल्याशिवाय कळत नाही. समजा १,००० कोटींचे कर्ज आहे, व्याज २ टक्के, मुदत २० वर्षे, त्यात पहिली ५ वर्षे फक्त व्याज, मग मुद्दलाचे १५ समान वार्षिक हप्ते. भविष्यात भरायचे सगळे पैसे आजच्या किमतीत आणायचे. त्यासाठी जो वटवणूक दर धरतात तोच निकाल ठरवतो. जुन्या नियमात सर्वांना सरसकट १० टक्के होता. त्या दराने या कर्जात सुमारे ५४८ कोटी फुकट ठरतात. नव्या नियमात भारतासारख्या निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशाला ७ टक्के, म्हणजे ४०५ कोटी. सर्वांत गरीब देशांना ९ टक्के, म्हणजे ५०६ कोटी. आणि कर्ज किती झेपेल हे पाहताना नाणेनिधी व जागतिक बँक धरतात त्या ५ टक्क्यांनी मोजले तर जेमतेम २७५ कोटी. कर्ज तेच, करारनामा तोच. ‘अमुक देशाची मदत उदार झाली’ असे लिहिण्याआधी दर कोणता धरला ते तपासा.

कर्ज मदतीत मोजले जायला फुकट भाग किती हवा याचीही पातळी बदलली. पूर्वी सर्वांना २५ टक्के होती. आता सर्वांत गरीब देशांसाठी ४५, निम्न-मध्यम गटासाठी १५ आणि उच्च-मध्यम गटासाठी १० टक्के. देशाचे उत्पन्न वाढून तो वरच्या गटात गेला की त्याच अटींचे कर्ज वेगळ्या मापाने मोजले जाते. आलेखावर तिथे उभी तुटक रेघ मारा.

आता फुकट भाग मोठा म्हणजे सौदा स्वस्त, असेही समजू नका. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे जपानी कर्ज ०.१ टक्के व्याजाचे, ५० वर्षांचे, पहिली १५ वर्षे मुद्दल नाही. वार्षिक हप्ते धरून ७ टक्क्यांनी वटवले तर फुकट भाग ८५ टक्क्यांवर जातो. पण गाड्या आणि यंत्रणा जपानी घ्यायच्या ही अट त्याच्या पोटात आहे. बांधलेल्या मदतीमुळे मालाची किंमत १५ ते ३० टक्के चढते असा ओईसीडीचा नेहमीचा अंदाज आहे. आपल्या वरच्या उदाहरणात घालून बघा: जो माल बाजारात १०० ला मिळाला असता तो बांधलेल्या कर्जावर १२५ ला घेतला. १२५ चे कर्ज, त्यातले ४०.५ टक्के फुकट, म्हणजे परतफेडीची आजची किंमत ७४. कागदावर सवलत ५१ ची, खिशात सवलत २६ ची. बाकीची देणाऱ्याच्याच कारखान्याला गेली. भारतही यात मागे नाही. एक्झिम (निर्यात-आयात) बँकेमार्फत आपण इतर देशांना जी सवलतीची कर्जे देतो त्यांत साधारणपणे ७५ टक्के माल-सेवा भारतातून घ्यायची अट असते, आणि बांगलादेशातल्या भारतीय कर्जांची उचल रखडण्यामागे ही अट एक मोठे कारण राहिले आहे. ठेकेदार भारतीय हवा, सिमेंट-विटा तिथल्याच परवडतात, आणि दोन्हींचा मेळ बसेपर्यंत निविदा दोनदा निघते.

जर्मनी-भारत नात्याकडे यावे, तर रेल्वेचा नकाशा समोर ठेवा. नागपूरहून हावड्याच्या गाडीत बसलात की आधी भिलाई लागते, पुढे राउरकेला. एकाच लोहमार्गावर, पोलाद कारखान्यांच्या रूपात, दोन मदतींचे नमुने. भिलाईचा करार फेब्रुवारी १९५५ चा, सोव्हिएत कर्ज अडीच टक्के व्याजाचे, बारा वार्षिक हप्त्यांत आणि रुपयांत फेडायचे. राउरकेला जर्मन कंपन्यांच्या उधारीवर उभा राहिला. परकीय चलनाचा खडखडाट झाला तेव्हा १९५८ मध्ये पश्चिम जर्मनीने त्या देण्याला मुदतवाढ देणारे कर्ज दिले, आणि दोन देशांचे विकास सहकार्य तिथून मोजतात. म्हणजे पहिली ‘मदत’ थकलेले बिल पुढे ढकलण्याची होती. पहिले जपानी येन कर्जही १९५८ चेच आणि तेही भारतालाच. एकाच वर्षी दोन्ही सुरू व्हायचे कारण तेच: दुसऱ्या पंचवार्षिक योजनेची यंत्रे मागवून परकीय चलनाची गंगाजळी आटली होती, आणि जागतिक बँकेने मदत देणाऱ्या देशांची बैठक बसवली होती.

तिथून पुढे जर्मन मदतीचे क्षेत्र दोनदा बदलले. पोलादाकडून ती खेड्याकडे वळली. महाराष्ट्रातला इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम, नाबार्डच्या मार्फत १९९० च्या दशकात चाललेला, हा त्या वळणाचा नमुना. पैसा अनुदानाचा, कारण माथा ते पायथा बांध घालणाऱ्या गावाकडून परतफेड कशातून घेणार? दुसरे वळण हवामानाचे. २ मे २०२२ च्या हरित भागीदारीत जर्मनीने २०३० पर्यंत किमान १० अब्ज युरो देण्याचे म्हटले. रक्कम डोळ्यात भरते, पण तीत कर्जाचा वाटा फार मोठा आहे, आणि त्या कर्जांतला बराच पैसा जर्मन करदात्याचा नसून केएफडब्ल्यूने बाजारातून उभारलेला असतो. रेषा वर गेली आणि फुकट भाग खाली आला, असे तुमच्या प्रबंधात दोन स्वतंत्र रेषांनी दिसले पाहिजे. माझ्या मते तुमच्या विषयाचा गाभा एवढाच आहे, बाकी सजावट.

मेट्रोच्या शंकेचे उत्तरही यातच आहे. ते कर्ज आहे, व्याजासह फेडायचे आहे. शिवाय युरोत फेडायचे आहे. करार झाला तेव्हा युरो ७५ रुपयांच्या आसपास होता, २०२५ च्या उत्तरार्धात शंभरीपार गेला. ५० कोटी युरो म्हणजे तेव्हाचे ३,७५० कोटी, आताच्या भावाने ५,००० कोटींच्या वर. हप्ते टप्प्याटप्प्याने जात असल्याने सगळा फरक एकदम अंगावर येत नाही, पण व्याजदराच्या गप्पा मारताना हा घटक विसरून चालत नाही. हा बोजा कोण उचलतो, हेही काळानुसार बदलले. २००५ पर्यंत केंद्र सरकार परकीय मदत सर्वसाधारण राज्यांना ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के अनुदान या प्रमाणात रुपयांत देई, विनिमयाची जोखीम स्वतःकडे ठेवून. बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर एप्रिल २००५ पासून कर्ज ज्या अटींवर आले त्याच अटींवर राज्याला जाते, जोखमीसकट. जर्मनीच्या बाजूने काहीच न बदलता महाराष्ट्रासाठी तीच मदत त्या दिवसापासून वेगळी झाली. नाग नदी शुद्धीकरणाची योजना जपानच्या जिका या मदतसंस्थेच्या कर्जावर आखली आहे. तिचा खर्च वाचताना येनचा भावही बाजूला लिहून ठेवा.

आता भूतान. एकाच जोडीत मदत कशी बदलते याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा सापडणार नाही.

भूतानची पहिली पंचवार्षिक योजना १९६१ ची. तिचा आणि दुसरीचा सगळा खर्च भारताने केला. बाराव्या योजनेत (२०१८-२३) भारताचे ४,५०० कोटी होते, पण योजनेचा एकूण आकार ३१,००० कोटींचा, म्हणजे वाटा साडेचौदा टक्के. अकराव्या योजनेलाही (२०१३-१८) ४,५०० कोटीच दिले होते. आकडा तोच म्हणून मदत ‘स्थिर’ लिहाल तर फसाल. वर्षाला पाच टक्के महागाई धरली तर पाच वर्षांनंतरच्या ४,५०० कोटींची किंमत आधीच्या ३,५२६ कोटींएवढी. न बोलता केलेली बावीस टक्के कपात. आणि तेराव्या योजनेला (२०२४-२९) थेट १०,००० कोटी. ही उडी मात्र खरी आहे, महागाईने तिचा जीव जात नाही. चीन-भूतान सीमेच्या वाटाघाटींना आलेला वेग आणि करोनानंतर खिळखिळी झालेली तिथली अर्थव्यवस्था बाजूला ठेवून ती समजणार नाही.

पण खरी गोष्ट धरणांच्या करारांत आहे. चुखा प्रकल्प, ३३६ मेगावॉट, १९८६-८८ मध्ये सुरू झाला: ६० टक्के अनुदान, ४० टक्के कर्ज, व्याज ५ टक्के. ताला, १,०२० मेगावॉट, २००६-०७: प्रमाण तेच ६०-४०, पण व्याज ९ टक्के. पुनात्सांगछू-१, १,२०० मेगावॉट, २००७ चा करार: ४० टक्के अनुदान, ६० टक्के कर्ज, व्याज १० टक्के. मांगदेछू, ७२० मेगावॉट, २०१९ मध्ये सुरू: ३०-७०, व्याज १० टक्के. चार करार एकाखाली एक लिहिले की साऱ्या भाषणांपेक्षा जास्त कळते. चुखाची वीज भारताला विकून भूतानच्या हाती उत्पन्न आले, परतफेडीची ऐपत आली, आणि तसतसे अनुदान आटत गेले. पुढची पायरी म्हणजे मदतीऐवजी भागीदारी. ६०० मेगावॉटचा खोलोंगछू आधी दोन देशांच्या सरकारी कंपन्यांचा संयुक्त प्रकल्प म्हणून ठरला, तो फिसकटला, आणि आता त्यात टाटा पॉवर भागभांडवलदार आहे.

पुनात्सांगछू-१ मध्ये काय बिघडले तेही लिहा. २०१३ मध्ये धरणाच्या जागी उजव्या बाजूचा डोंगर सरकू लागला आणि काम अडकले. सुरुवातीचा सुमारे ३,५०० कोटींचा अंदाज ९,००० कोटींच्या वर गेला. आणि कर्जाचा वाटा ६० टक्के असल्याने वाढीव खर्चातलाही तेवढाच हिस्सा भूतानच्या डोक्यावर. चुखासारखे ६०-४० असते तर हा वाटा ४० टक्के असता. बांधकामाच्या काळात व्याज साचत राहते आणि वीज विकायला नसते, म्हणून उशीर हा कर्जाच्या प्रकल्पात अनुदानाच्या प्रकल्पापेक्षा कितीतरी महाग पडतो. भूतानच्या बाह्य कर्जात निम्म्याहून अधिक हिस्सा या जलविद्युत कर्जांचा आहे. एका बाबतीत मात्र थिंफू नागपूरपेक्षा सुखी: कर्ज रुपयात आणि त्यांचे चलन न्गुलत्रुम रुपयाशी एकास एक बांधलेले, त्यामुळे विनिमयाची जोखीम नाही.

जुलै २०१३ मध्ये भूतानच्या निवडणुकीच्या तोंडावर भारताने गॅस आणि रॉकेलवरची सवलत थांबवली आणि थोड्याच काळात पूर्ववत केली. योजनेची मुदत संपली हे अधिकृत कारण. तेव्हा उमटलेली नाराजी मात्र मोठी होती. वार्षिक आकड्यात ही घटना जवळपास दिसतच नाही. म्हणून तक्त्याशेजारी तारखांची एक वही ठेवा: निवडणुका, निर्बंध, युद्ध, दुष्काळ, देणाऱ्या देशातले सरकार बदलणे.

भारताचे देणे शोधायचे ठिकाण म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाच्या खर्चाच्या मागण्या. तिथे देशवार ओळी असतात. भूतानला २०२५-२६ साठी २,१५० कोटींची तरतूद होती. अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे तीन आकडे एकेका वर्षाला मिळतात. बातम्यांत पहिला येतो, प्रबंधात तिसरा हवा, तो दोन वर्षांनी छापला जातो. एक्झिम बँकेची कर्जे या ओळींत पूर्णपणे येत नाहीत, ती बँकेच्या वार्षिक अहवालातून वेगळी काढा. भारत ओईसीडीच्या मदत समितीचा सदस्य नाही, तेव्हा तिथल्या तक्त्यांत भारताचे आकडे न दिसणे म्हणजे भारताने दिलेच नाही असे नव्हे.

घेणारा नको म्हणतो तेव्हाही रेषा पडते, हे शेवटचे. फेब्रुवारी २००३ च्या अंदाजपत्रकात जसवंत सिंहांनी जाहीर केले की भारत मोजक्याच देशांकडून सरकारी मदत घेईल. लहान देणाऱ्यांना स्वयंसेवी संस्थांकडे वळायला सांगितले, आणि अनेक जुनी कर्जे मुदतीआधी फेडली. नंतर ही यादी थोडी सैल झाली. २००३ नंतर एखाद्या लहान युरोपीय देशाची रेषा कोसळलेली दिसली तर त्याच्या राजधानीत कारण शोधू नका, ते दिल्लीत आहे. ब्रिटनच्या बाबतीत मात्र उलट झाले: नवी अनुदाने थांबवण्याची घोषणा नोव्हेंबर २०१२ मध्ये लंडनने केली, चालू कार्यक्रम २०१५ पर्यंत संपवले, आणि त्यानंतर तांत्रिक साहाय्य व भांडवली गुंतवणूक उरली. ती गुंतवणूकही मदतीतच मोजली जाते, त्यामुळे ‘ब्रिटनने मदत बंद केली’ आणि ‘ब्रिटन अजून मदत देतो’ ही दोन्ही वाक्ये एकाच वर्षाबद्दल खरी ठरतात.

आणि धान्य. पीएल-४८० या अमेरिकी अन्नमदत कायद्याखाली आलेला गहू डॉलरमध्ये मोजला तर प्रचंड मदत. पण पैसे रुपयांत भरायचे होते, आणि ते अमेरिकेच्या भारतातल्या खात्यात साचत गेले. इतके साचले की १८ फेब्रुवारी १९७४ ला अमेरिकी राजदूत मॉयनिहन यांनी भारताला १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश परत दिला. हा आकडा कोणत्या वर्षात धरायचा? गहू आला त्या वर्षांत, की धनादेश दिला त्या वर्षी? कर्जमाफीचे सगळे मनोरे असेच असतात. २००५ मध्ये इराकची देणी माफ झाली तेव्हा जगाच्या मदतीचा आलेख उसळला, आणि इराकमध्ये त्या वर्षी त्या रकमेची एक वीटही नव्याने पडली नाही. माफी वेगळ्या रंगाने दाखवा. तसेच देणाऱ्या देशातच निर्वासितांवर होणारा खर्च: जर्मनीने २०१६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले ते मोठ्या प्रमाणात याच खर्चामुळे. भारताच्या रेषेत तो येत नाही, पण जर्मनीच्या एकूण मदतीत भारताचा वाटा टक्क्यांत काढलात तर भाजक फुगतो आणि वाटा उगाच घटलेला दिसतो.

प्रबंधात चार रेषा एकाखाली एक छोट्या चौकटींत काढा: मंजुरीची पाच वर्षांची सरासरी, स्थिर किमतीतली उचल, परतफेड वजा जाऊन निव्वळ, आणि एकूण मंजुरीत अनुदानाचा टक्का. खाली एकच आडवा अक्ष, त्यावर १९९८, २००३, २०१८ आणि २०२२ च्या उभ्या रेघा. प्रत्येक चौकटीखाली एकक, वर्षाची पद्धत आणि आकडे उतरवल्याची तारीख लिहा. ओईसीडी जुने आकडेही मागाहून दुरुस्त करते, आणि तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक लॅपटॉप उघडून ताडून पाहतात.